जोडून आलेली सुट्टी आणि घरातली पाखरं

निळीचोच | गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

उद्या शुक्रवारी १५ ऑगस्ट, परवा गोपाळकाला, मग रविवार. ऑफिसातले निम्मे लोक लोणावळा नाहीतर अलिबागच्या वाटेला लागलेत. आम्ही मात्र ठाण्यातच, घरी राहायचं आणि हे तीन दिवस पाखरांच्या कलाने काढायचे असं ठरवलंय.

आमच्याकडे कॉकटीलची एक जोडी आणि चार बजरीगर आहेत, दोन्ही छोट्या पोपटांच्या जाती. एरवी सकाळी डब्यांच्या गडबडीत दाणे भरायचे, पाणी बदलायचं, पिंजऱ्याच्या तळाचा कागद काढायचा आणि स्टेशनकडे पळायचं. संध्याकाळी परत येतो तेव्हा ती पेंगायला लागलेली असतात. दुपारी ती काय करतात, कोण कुणाशेजारी बसतं, वाटीवर कुणाची सत्ता चालते, हे बघायला आम्ही घरात नसतोच.

माझं मत असं की सुट्टी आहे म्हणून दिवसभर त्यांना हातावर घेऊन बसू नये. आपण त्याच खोलीत भाजी निवडत, वाचत, कपड्यांच्या घड्या घालत बसावं. त्यांना वाटलं तर ती येतील. नवऱ्याचं म्हणणं उलट आहे: मोकळी सोडू, मनसोक्त आंघोळ घालू, शीळ शिकवू.

तुम्ही अशा सुट्टीत काय करता? आणि शनिवारी आमच्या चौकात दहीहंडी आहे, भिंतीएवढे स्पीकर आत्ताच लागलेत. त्याचंही काही सुचवा.

---

गवतीचहा | १४ ऑगस्ट, रात्री ९:३२

वा, छान बेत! आमच्याकडे झेब्रा फिंच आहेत. त्यांना हात लावून घेणं मुळीच आवडत नाही, त्यामुळे आमचा कारभार तुमच्या मताप्रमाणेच चालतो. चहाचा कप घ्यायचा आणि बघत बसायचं. नर गायला लागला की टीव्हीची गरज राहत नाही.

---

पंखपसारा | १४ ऑगस्ट, रात्री १०:०५

मोकळी सोडणार असाल तर आधी खोलीची तयारी करा. बरीच वर्षं पक्षी पाळतोय आणि ओळखीतल्या लोकांकडून ऐकलेल्या वाईट बातम्यांमध्ये पहिला नंबर सीलिंग फॅनचा आहे. फॅन नुसता बंद करून भागत नाही. बटणावर चिकटपट्टी लावा, कारण घामाघूम होऊन बाहेरून आलेला माणूस न बघता बटण दाबतो. खिडक्या बंद आणि पडदे ओढलेले हवेत, कारण काच त्यांना दिसत नाही. बाथरूमचं दार लावा, पाण्याने भरलेली बादली उघडी ठेवू नका. आरसा झाका.

आता स्वयंपाकघर. नॉनस्टिक तवा किंवा कढई जास्त तापली की त्या थरातून वायू निघतात. आपल्याला वासही येत नाही, पण पाखरू काही मिनिटांत जाऊ शकतं. पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात. श्वास आत घेताना आणि बाहेर सोडतानाही त्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहत राहते. हवेतून प्राणवायू ओढून घ्यायला ही रचना आपल्यापेक्षा सरस आहे, आणि म्हणूनच हवेत विष असेल तर तेही तितक्याच वेगाने शरीरात जातं. सुट्टीत घरी डोसे, धिरडी होणारच, तेव्हा बिडाचा तवा काढा. डासांची कॉइल, उदबत्ती, फवारायचं अत्तर या गोष्टी पाखरांच्या खोलीत नकोतच.

आंघोळीबद्दल तुमच्या यजमानांना माझा पाठिंबा. कॉकटीलच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत पडत असते. कोमट पाण्याचा बारीक फवारा मारला की ती कमी होते आणि पिसंही छान राहतात. वेळ सकाळची हवी. या हवेत संध्याकाळी भिजवलं तर पाखरू ओलं झोपतं. बजरीगरांना फवारा आवडेलच असं नाही. त्यांच्यासाठी कोथिंबिरीची ओली जुडी टांगा, ती पानांत अंग घुसळून स्वतःच आंघोळ करतात.

---

सातारकर_ताई | १४ ऑगस्ट, रात्री १०:४०

खाण्याचं मी सांगते. आमच्याकडे बाजरी आणि राळ्याबरोबर ताजा पाला रोज असतो. माठ, मेथी, पालक थोडा, आणि सोसायटीतल्या शेवग्याचा पाला. शेवगा मिळाला तर बाकी काही शोधू नका. भाजीवाल्याकडचा पाला तीन-चार पाण्यांतून धुऊन घ्या, फवारलेला असतो. मक्याचं कणीस दाणे न सोलता उभं अडकवा, तासभर करमणूक होते. मुगाला मोड आणून द्या, पण पावसाळ्यात ते लवकर चिकट होतात, दोन तासांत वाटी उचला.

हिरवी मिरची बिनधास्त द्या. तिखटाची आग आपल्याला जिथे जाणवते तिथे पक्ष्यांना जाणवतच नाही. आमचा कॉकटील लवंगी मिरचीतल्या बिया आधी शोधून खातो.

देऊ नका अशा गोष्टी: चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, अ‍ॅव्होकॅडो, सफरचंदाच्या बिया आणि मीठ घातलेलं काहीही. गोपाळकाल्यातलं दही-पोहेसुद्धा नाही. पाहुणे प्रेमाने भरवायला जातात, त्यांना आधीच सांगून ठेवा. सूर्यफुलाच्या बिया पक्ष्यांना फार आवडतात पण त्यांत तेल भरपूर, तेव्हा त्या हातावरचा खाऊ म्हणूनच.

---

मनमौजी | १४ ऑगस्ट, रात्री १०:५१

सातारकर_ताई, पाखरांना शेवगा, मोड आलेले मूग, मक्याचं कणीस. घरातल्या पुरुषमाणसांसाठी काय बेत म्हणे?

---

सातारकर_ताई | १४ ऑगस्ट, रात्री १०:५८

@मनमौजी, मोड पुरुषमाणूसच आणतं आमच्याकडे. त्याला पहिली वाटी मिळते. :)

---

रानवाटा | शुक्रवार, १५ ऑगस्ट, सकाळी ७:२०

आज स्वातंत्र्यदिन, म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नये. उडणाऱ्या जिवाला पिंजऱ्यात ठेवणं मला पटत नाही, मग कितीही शेवगा घाला. मी सकाळपासून खिडकीत आहे. शिंपी ओल्या फांदीवर ओरडतोय, बुलबुल भिजून पिसं झटकतायत, दोन पोपट भर पावसात बदामाच्या झाडावर आहेत. यातलं काहीच विकत आणावं लागलं नाही. सुट्टी पक्ष्यांसोबतच घालवायची तर बाहेरचे पक्षी बघा.

---

निळीचोच | १५ ऑगस्ट, सकाळी ९:०२

रानवाटा, राग नाही. तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि नव्याने पक्षी घेणाऱ्याने ते ऐकायलाच हवं. आमच्याकडची दोन बजरीगर ज्या घरातून आली तिथे ती बूट ठेवायच्या कपाटावर हातभर पिंजऱ्यात होती. ही पाखरं कित्येक पिढ्या माणसांकडेच वाढलेली आहेत. खिडकी उघडून सोडली तर इथे कावळे संध्याकाळपर्यंत जगू देणार नाहीत. आता ती आमच्याकडे आहेत, तर त्यांचा दिवस चांगला जावा ही जबाबदारी आमची. पिंजरा रात्रीपुरता आणि आम्ही नसतानापुरता असावा, यासाठीच बाल्कनीला जाळी लावून मोठा कप्पा करायचं चाललंय.

---

अमरावतीकर | १५ ऑगस्ट, सकाळी ९:४५

विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या आत्याकडे साधा हिरवा राघू आहे, गळ्याला लाल कंठ असलेला. लहान असताना झाडाखाली पडलेला सापडला होता. शेजारचे म्हणतात हे बेकायदा आहे. खरं का? मग तुमचे कॉकटील कसे चालतात?

---

रानवाटा | १५ ऑगस्ट, सकाळी १०:१५

खरं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे रानटी पक्षी पाळता, पकडता, विकता येत नाहीत. राघू, मोठा करण पोपट, डोंगरी मैना, मुनिया सगळे त्यात आले. "आमच्याकडे पिढ्यानपिढ्या पाळतात" हे उत्तर चालत नाही. पण आत्यांना सांगा, घाबरून त्याला सोडून देऊ नका. हाताने भरवून वाढवलेला पोपट रानात स्वतःचं पोट भरू शकत नाही. वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा, ते पुढचा मार्ग सांगतात.

---

पंखपसारा | १५ ऑगस्ट, सकाळी १०:३८

पुढचं मी जोडतो. बजरीगर आणि कॉकटील मूळचे ऑस्ट्रेलियाचे, आणि ज्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत त्या साइट्स (CITES) कराराच्या यादीत ते नाहीत. आफ्रिकन ग्रे पोपट, मकाव, काकाकुवा हे मात्र त्या यादीत आहेत. कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार असे पक्षी बाळगणाऱ्याला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कुणी "कागद नंतर देतो" म्हणून ग्रे विकत असेल तर दुकानातून बाहेर पडा.

---

मेलबर्नकर | १५ ऑगस्ट, दुपारी १:२०

ऑस्ट्रेलियाचं नाव निघालं म्हणून लिहितोय. आमच्या मेलबर्नमध्ये रस्त्यावरच्या झाडांत लोरीकीट आणि पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवा कलकलाट करतात, पण बजरीगर बघायला आतल्या कोरड्या भागात जावं लागतं. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या बाजूला एका पाणवठ्यावर पहाटे थांबलो होतो. आधी किलबिल ऐकू आली, मग हिरवा थवाच्या थवा खाली उतरला, पाणी प्यायला आणि एकदम वळून निघून गेला. वळताना सगळा थवा कधी हिरवा, कधी पिवळा चमकायचा. रानात निळे-पांढरे दिसत नाहीत, ते रंग माणसाने पैदाशीतून टिकवले. जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभर घरोघरी पोचले.

तुमच्या धाग्याशी संबंध असा की हे पक्षी भटके आहेत. पाऊस पडला, गवताला बी धरलं की तिथे जमतात आणि लगेच घरटी करतात. त्यांचा विणीचा हंगाम पावसावर आणि दाण्यावर ठरतो, कॅलेंडरवर नाही. ठाण्यात सध्या धो धो पाऊस असेल, वाटी भरलेली असेल आणि पिंजऱ्यात मडकं टांगलेलं असेल, तर मादी अंड्यावर येणारच. पिल्लं नको असतील तर मडकं काढून ठेवा.

---

गवतीचहा | १५ ऑगस्ट, दुपारी १:४४

मेलबर्नकर, काय सुरेख लिहिलंय! त्या पाणवठ्याचे फोटो असतील तर टाका ना.

---

कॉकटीलप्रेमी_बंगळूर | १५ ऑगस्ट, दुपारी ४:१०

मी एकटा राहतो, घरी एक कॉकटील. निळीचोच, तुमच्या मताला अनुमोदन, आणि त्याचं कारण सोमवार. मागच्या जोडसुट्टीत एका मित्राने त्याच्या पक्ष्याला दिवसभर खांद्यावर बसवलं, जेवताना, सिनेमा बघताना, सगळीकडे. नंतर तो ऑफिसला गेला की पक्षी दुपारभर ओरडायचा, शेजाऱ्यांनी तक्रार केली. कॉकटीलचं रानातलं आयुष्य थव्यातलं असतं. आपला थवा अचानक गायब झाला असंच त्याला वाटणार. मी सुट्टीतही त्याला दुपारी एक-दोन तास त्याच्या खोलीत एकटा ठेवतो, रेडिओ हळू लावून.

---

गोट्या_कोथरूड | १५ ऑगस्ट, सायंकाळी ६:३०

मला हे पटत नाही. आठवडाभर बिचाऱ्याने एकटंच राहायचं आणि सुट्टीत सवय नको म्हणून पुन्हा एकटं? ओरडण्यावर उपाय म्हणजे दुसरा पक्षी आणणं. आमचे दोघे आहेत, आम्ही नसलो तरी एकमेकांची मान खाजवत बसतात.

आणि शीळ जरूर शिकवा! नर कॉकटील फार पटकन उचलतो. आमच्या सासूबाईंकडच्या पठ्ठ्याने कुकरची शिट्टी उचलली आहे. सासूबाई आत देवपूजा करताना शिट्ट्या मोजतात. आता त्या दोन जास्तीच्या मोजतात, पक्ष्याच्या म्हणून.

---

मनमौजी | १५ ऑगस्ट, सायंकाळी ६:४१

दोन शिट्ट्यांची डाळ असेल तर अवघड आहे!

---

पंखपसारा | १५ ऑगस्ट, रात्री ८:१५

बोलण्यात बजरीगरांना कमी लेखू नका. पक नावाच्या अमेरिकेतल्या एका बजरीगरची १,७२८ शब्दांसाठी गिनेसमध्ये नोंद आहे. माद्या सहसा बोलत नाहीत, नर बोलतात. मोठ्या पक्ष्याच्या चोचीवरचा मऊ भाग निळा असेल तर बहुतेक नर, तपकिरी असेल तर मादी. एक छोटं वाक्य, रोज त्याच वेळी, त्याच सुरात. पुढे ती तुमचा सूरही हुबेहूब काढतात.

दोन पक्ष्यांबद्दल गोट्याशी सहमत, पण नवा पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवून मगच भेटवा.

उद्याच्या दहीहंडीसाठी: पिंजरा रस्त्याकडच्या भिंतीपासून आतल्या खोलीत हलवा, आज रात्रीच. म्हणजे उद्या जागा आणि आवाज असा दुहेरी बदल एकदम होणार नाही. तीन बाजूंनी जाड चादर, एक बाजू हवेसाठी उघडी. शेजारी नेहमीचा आवाज असू द्या, बातम्या किंवा गाणी. कॉकटील रात्री अंधारात दचकून पिंजऱ्याला धडका मारतात, पंख मोडून घेतात. म्हणून उद्या रात्री मंद दिवा राहू द्या. एरवी त्यांना दहा-बारा तास झोप लागते, तीही भरून निघाली पाहिजे.

---

निळीचोच | शनिवार, १६ ऑगस्ट, रात्री ९:५०

पंखपसारा, फार उपयोग झाला! रात्रीच पिंजरे आत नेले. पहाटेपासून पाऊस कोसळत होता तरी स्पीकर काही थांबले नाहीत. कॉकटीलचे तुरे सकाळी ताठ उभे होते. मी तिथेच खुर्ची टाकून घेवडा निवडत बसले, रेडिओ चालू. दुपारपर्यंत तुरे खाली आले आणि नर माझ्या ताटलीतली शेंग घेऊन गेला.

दोन दिवसांत जे दिसलं ते लिहिते. सकाळी उजाडल्यावर सगळ्यांची एकच गर्दी, खाणं आणि भांडणं. साडेअकराच्या सुमारास घरात शांतता. मग तास-दीड तास पिसं साफ करणं, आणि तेही क्रमाने: छाती, पंख, शेपटी, एकेक पीस चोचीतून ओढून. दुपारी एका पायावर झोप. झोपण्याआधी चोच चावल्यासारखा बारीक कुरकुर आवाज येतो, तो मी आजवर ऐकलाच नव्हता.

आणि महत्त्वाचं म्हणजे, पिवळी बजरीगर कायम शेवटी खाते हे लक्षात आलं. हिरवा नर वाटीवर बसूनच राहतो आणि तिला चोच मारून हाकलतो. लगेच दुसरी वाटी लांबच्या कोपऱ्यात लावली. ती दुपारभर तिथेच होती.

---

शेवंती_नगर | रविवार, १७ ऑगस्ट, सकाळी १०:०५

मध्येच विचारतेय, क्षमस्व, तातडीचं आहे. धागा वाचून मीही काल घरी बसून बघत होते. आमची निळी बजरीगर मादी काल संध्याकाळपासून फुगून बसलीय आणि आज सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी आहे. शेपटी श्वासाबरोबर वरखाली होतेय. खात नाही. मागच्या आठवड्यात तिने एक अंडं घातलं होतं. आज रविवार, नेहमीचे डॉक्टर बंद आहेत. उद्यापर्यंत थांबू का?

---

पंखपसारा | १७ ऑगस्ट, सकाळी १०:०९

थांबू नका! अंडं अडकल्याची शक्यता मोठी आहे आणि ही तासांची गोष्ट असते. आत्ता तिला छोट्या खोक्यात मऊ कापडावर ठेवा, बाहेरून गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून लावा, खोक्याची एक बाजू गार राहू द्या म्हणजे तिला सरकता येईल. पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न अजिबात करू नका, आत फुटलं तर जीव जाईल. तेलाचे उपाय नकोत. नगरमध्ये पक्षी बघणारे डॉक्टर कोण उघडे आहेत ते फोन करून विचारत राहा, नाही मिळाले तर पुणे गाठा.

---

सातारकर_ताई | १७ ऑगस्ट, सकाळी १०:१४

शेवंती, फोनवर "बजरीगरचं अंडं अडकलंय" असंच थेट सांग, म्हणजे ते लगेच हो-नाही कळवतील. गाडीत एसी लावू नकोस.

---

कॉकटीलप्रेमी_बंगळूर | १७ ऑगस्ट, दुपारी १२:३०

काही कळलं का?

---

शेवंती_नगर | १७ ऑगस्ट, सायंकाळी ७:४५

मिळाले डॉक्टर. अंडंच होतं. कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, उबेत ठेवलं, आणि साडेचारला अंडं पडलं, कवच अगदी मऊ. ती थकलीय पण पाणी प्यायली. डॉक्टर म्हणाले कॅल्शियम कमी पडलंय, समुद्रफेस कायम लावून ठेवा, मडकं काढा, आणि रात्री लवकर अंधार करा म्हणजे अंड्यांचा क्रम थांबेल. सगळ्यांचे खूप खूप आभार. दुपारपासून हात थरथरत होते.

---

मेलबर्नकर | १७ ऑगस्ट, रात्री ८:०५

हुश्श! समुद्रफेसाची मऊ बाजू तिच्याकडे करून लावा, तिथून चोचीने खरवडता येतो.

---

रानवाटा | १७ ऑगस्ट, रात्री ८:२०

शेवंती, मादी वाचली हे वाचून बरं वाटलं. माझं पिंजऱ्याबद्दलचं मत तेच आहे. पण निळीचोच यांचा मुद्दा मला पटला: घरात पाखरू असेल तर त्याचा अख्खा दिवस अधूनमधून बघायलाच हवा. पक्षी आजार लपवतो, रानात दुबळं दिसणं परवडत नाही. सकाळी दोन मिनिटं दाणे टाकताना हे दिसत नाही.

---

अमरावतीकर | १७ ऑगस्ट, रात्री ८:५५

आत्याला १९२६ चा नंबर दिला. आधी रडली, मग म्हणाली त्याच्या खाण्याच्या सवयी लिहून देते, न्यायला येतील त्यांच्यासाठी.

---

गवतीचहा | १७ ऑगस्ट, रात्री ९:१२

२७ तारखेला गणपती बसतायत. आमच्याकडे दीड दिवस धूप, कापूर, आरत्या, घरभर माणसं. फिंचांना कुठे ठेवू?

---

निळीचोच | १७ ऑगस्ट, रात्री ९:३०

गवतीचहा, आमच्याकडे पिंजरे मागच्या खोलीत जातात, आदल्या रात्रीच. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल, धूप आणि कापूर फक्त बाल्कनीत, आरतीला निरांजन तेवढं घरात. दारावर "आत पाखरं आहेत, उघडू नका" अशी चिठ्ठी मोठ्या अक्षरात लावा, लहान मुलांना वाचता येईल इतक्या उंचीवर.